कालिकतला कधी यावं

जूनमध्ये येऊ नको, हे म्हणाले.
इथला पाऊस दारात थांबत नाही,
आत येऊन बसतो.
चपलेला बुरशी, पाकिटाला बुरशी,
वहीतली सोन्याची वजनं
फुगून वाचता येत नाहीत.
ओणमला नको, दुकानात श्वास घ्यायला सवड नसते.
चैत्र-वैशाखात तर नकोच,
घाम पुसायचा टॉवेलच घामेजतो.
मग कधी?
दिवाळीनंतर बघू.

दिवाळीला हे स्वतःच आले.
आठ दिवस राहिले,
त्यातले चार झोपले.
तेजाबानं पिवळी झालेली नखं
पांघरुणाबाहेर.

अशी नऊ वर्षं.

आमच्या लेंगऱ्यात हवा कोरडी.
मीठ बरणीतून सळसळत पडतं,
सकाळी घातलेली कुरडई
दुपारी टिचकी मारली की वाजते.
समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातली निळी कड
आणि यांच्या बनियनचा एक वास,
पहिल्या धुण्यातच निघून जाणारा.

रुक्मिण झांबरे दोनदा कोचीनला जाऊन आली.
तिचा मालकही गलाईतच.
ओट्यावर बसून सांगायला लागली:
नायलॉनची एकही घेऊ नको,
गोगलगायीसारखी चिकटते अंगाला.
सुती घे, विरलेल्या घे,
दिवसातनं दोनदा बदलाव्या लागतात.
घामोळ्याची पावडर, मोठा डबा.
रबरी चप्पल.
आणि स्वेटर, मी विचारलं,
तर अशी हसली
की दावणीची म्हैस वळून बघायला लागली.
पापड नेऊ नको बाई,
तिथं त्याचं फडकं होतं.
पीठ मात्र ने, शाळूचं.
सगळा मुलूख भात खातो,
आपल्या माणसाचं पोट रात्री बोलतं.

तिकीट मीच काढलं.
विट्यात, झेरॉक्सच्या दुकानात.
पोरानं विचारलं, तारीख?
म्हटलं, जूनमधली कुठलीही.

पाच किलो पीठ, डब्याच्या झाकणाला आतून प्लास्टिक.
शेंगदाण्याची चटणी.
तासगावचे बेदाणे, दुकानमालकिणीच्या हातावर ठेवायला.
सहा सुती साड्या.
सातवी लग्नातली,
ठेवली, काढली, ठेवली.
काठवट बसेना, परात घेतली.
ओमराजची चित्रांची वही,
त्यात त्यानं समुद्र मातकट रंगवलाय,
आमच्या पाझर तलावासारखा,
आणि काठाला एक शेळी.

मग फोन केला.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा.

खोली लहान आहे गं, हे म्हणाले.
खाली भट्टी, वर मी.
अंथरूण टाकलं की दार उघडत नाही.
खिडकी आहे,
पण ती शेजारच्या भिंतीत उघडते.
तुला घेऊन समुद्रावर जायचं तर
मलाच रस्ता विचारावा लागेल,
नऊ वर्षांत तीनदा गेलोय.

आणि मी आपली
हवेचंच सगळं खरं मानत बसले होते.
पावसाळा, उन्हाळा, ओणम
वहीत लिहून ठेवले होते,
आवळ्याच्या लोणच्याच्या मापाशेजारी.

काही बोलले नाही.
मोठी बॅग माळ्यावर परत टाकली,
लहान काढली.
साड्या तीन केल्या. पीठ दोन किलो.
लग्नातली कपाटात.
पावडर राहू दिली.
शेळीचा समुद्र राहू दिला.

रात्री साडेदहाला
यांचाच फोन.
गाडी मिरजेला पहाटे येते, झोप लागू देऊ नको.
बरं.
खिडकीजवळची जागा घे,
गोव्याच्या पुढं बोगदे लागतील, ओमराजला दाखव.
बरं.
आणि ऐक, पापड आण.
मी म्हटलं, रुक्मिण तर म्हणते—
तिचं सोड. भट्टीच्या अंगाला ठेवू,
कडक राहतील.

बॅगेची चेन कशीबशी लागली होती.
पुन्हा उघडली.